न गोठलेलं रक्त

१

चोर आला, चोरी केली आणि जाताना फ्रीजरच्या दाराच्या रबरावरचा बर्फ पुसून गेला.

हे ऐकून बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. छापखान्यात तेहेतीस वर्षं मुद्रितं तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यानंतर मनोविकारांच्या या रुग्णालयानं त्यांना आपल्या नैतिकता समितीवर घेतलं. ज्याला विज्ञानातलं काही कळत नाही असा एक तरी सदस्य समितीत असावा, असा नियम आहे आणि बाकीच्या सहाजणांपैकी कुणी तसं कबूल करायला तयार नव्हतं. चार वर्षं बाई सही करत होत्या. आज पहिल्यांदाच त्यांच्यावर चौकशीचं काम आलं होतं. बाकीचे सहाही जण विभागप्रमुख साहेबांच्या हाताखाली होते. बाईंचं कुणी काही बिघडवू शकत नव्हतं आणि बाई कुणाचं काही बिघडवतील असंही कुणाला वाटत नव्हतं.

फ्रीजर कपाटाएवढा होता आणि आत उणे ऐंशी अंशांची थंडी. तो सांभाळणारा तंत्रज्ञ कमी बोलायचा आणि त्याहून कमी हसायचा, म्हणून सगळा विभाग त्यालाच ‘उणे ऐंशी’ म्हणायचा. आत दोनशे माणसांचं रक्त होतं. अर्ध्यांना बायपोलर आजार होता. कधी महिनाभर आभाळात, तर कधी तितकेच दिवस विहिरीच्या तळाशी. उरलेले अर्धे त्यांचे धडधाकट नातेवाईक. दर तीन महिन्यांनी सगळ्यांचं रक्त घ्यायचं आणि आजाराची लाट येण्याआधी रक्तात एखादी खूण उमटते का, ते शोधायचं. साहेब तिला बायोमार्कर म्हणत. ती चार वर्षांत सापडली नव्हती, पण तिच्यावर सात परिषदा झाल्या होत्या.

“गेलं काय?” बाईंनी विचारलं.

“एक कुपी. बोटाच्या पेराएवढी. लाल टोपीची.”

“फक्त एक?”

“शेजारी दोन हजार होत्या. त्यांना हातही लावलेला नाही.”

“आणि बर्फ?”

“दाराच्या रबरावर महिन्याभराचा बर्फ साठला होता. परवा सकाळी पाहिलं तर रबर लखलखीत.” उणे ऐंशी जरा खाकरला. “तो मी पुसलेला नाही.”

बाई फ्रीजरच्या दाराकडे बघत होत्या. त्यावर हातानं रंगवलेली एक पाटी होती. निळी, टपोरी अक्षरं: ‘दार लावा. आत माणसं आहेत.’ खाली एकाच दमात ओढलेली, केसासारखी बारीक, वीतभर लांब रेघ. रेघेच्या टोकाला मुंगीएवढ्या आकड्यांत तारीख. ती रेघ कुठेच जाड झालेली नव्हती, कुठेच थरथरलेली नव्हती.

“कुणी रंगवली?”

“सतरा नंबरच्या पेशंटनं. पाट्या रंगवायचा तो. शेवटच्या खेपेला रक्त देऊन झाल्यावर इथेच स्टुलावर बसून रंगवली.”

“शेवटच्या म्हणजे?”

“त्यानंतर सात आठवड्यांनी तो गेला.”

बाईंनी पाटीवरची तारीख पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, “आणि चोरीला गेलेली कुपी कुणाची?”

“सतरा नंबरचीच,” उणे ऐंशी म्हणाला. “त्याच तारखेची.”

२

साहेबांच्या टेबलावर मेंदूची प्लॅस्टिकची प्रतिकृती होती. डावा अर्धा भाग केव्हाच हरवला होता. उजव्या भागात साहेब टाचण्या ठेवत.

“सरळ प्रकरण आहे, बाई. कुपी त्याच्या हातून फुटली असणार. आता चोरी म्हणतोय. तुम्ही दोन ओळी लिहा आणि मोकळ्या व्हा.”

“सतरा नंबर कसे होते?”

“कसे म्हणजे? आकडे म्हणताय?”

“माणूस म्हणतेय.”

साहेबांनी त्यासाठीही फाइलच उघडली. “तिशीतला. अविवाहित. बापाबरोबर राहायचा. एकदा आजाराच्या भरात आठवड्यात सबंध रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या फुकट रंगवून दिल्या होत्या, न विचारता. पण लिथियम सुरू केल्यावर अकरा वर्षं उत्तम. गोळ्या बाप द्यायचा. रक्तात लिथियमचं प्रमाण कायम पॉइंट आठ, पुस्तकातल्यासारखं. शेवटच्या खेपेला मात्र दोन पॉइंट सात.”

“ते जास्त?”

“जास्त? ती विषबाधा, बाई! हात लटलट कापतात, उलट्या होतात, चालताना झोकांड्या जातात. मी त्याच संध्याकाळी फोन करून गोळ्या बंद करायला लावल्या.”

“तुम्ही त्यांना पाहिलंत?”

“रिपोर्ट पाहिला.”

“मग परत तपासणी?”

“आठवड्यानं करायची होती. राहून गेली. मी परिषदेला गेलो होतो.”

“कसली परिषद?”

“लाट येण्याआधी ती ओळखण्यासंबंधी,” साहेब म्हणाले. त्यात काही हसण्यासारखं आहे असं त्यांना वाटलं नाही. बाईही हसल्या नाहीत.

“वडिलांना काय सांगितलंत?”

“खरं तेच. तुमच्या हातून जास्त गोळ्या गेल्या म्हणून. वय झालंय त्यांचं. होतं असं.” साहेबांनी फाइल मिटली. “गोळ्या थांबल्यावर तीन आठवडे तो झोपलाच नाही. घराच्या भिंती रंगवल्या, मग छत. मग एकदम खाली आला. आणि मग... तुम्हाला माहीतच आहे.”

बाईंना माहीत नव्हतं, पण त्यांनी विचारलं नाही.

“ती कुपी नाहीशी झाल्यानं कुणाचा फायदा होतो, साहेब?”

साहेबांनी अर्ध्या मेंदूतली एक टाचणी उचलली आणि परत ठेवली. “त्या दिवशी सतरा नंबरच्या रक्तात मला खूण वाटते ती शांत होती आणि तरीही पुढे लाट आली. माझ्या पेपरला तो एकटाच आडवा जातो. हे तुम्हाला त्या उणे ऐंशीनं सांगितलं ना?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “हे आत्ता तुम्ही सांगितलंत.”

३

रक्त घ्यायची खोली चिंचोळी होती. खुर्ची, तिच्या हाताला पट्टा, खिडकीत एक कुंडी. तिथल्या ताईंना रक्त घेण्याचा तेवीस वर्षांचा अनुभव होता. त्यांचा हात इतका हलका की मोठमोठे डॉक्टर स्वतःचं रक्त द्यायचं झालं तर त्यांच्याकडेच यायचे.

“सतरा नंबर ना?” नाव निघताच ताईंचे डोळे भरले. “पहिल्यांदा आला तेव्हा सुई बघून जिन्यापर्यंत पळाला होता. तिशीचा बाप्या! मागून त्याचे वडील ओरडले, अरे, तुला जितक्यांदा टोचतील तितक्यांदा मी टोचून घेतो, चल! म्हणून तर काका अठरा नंबर झाले. धडधाकट नातेवाईक.”

“आणि खरंच टोचून घेतलं?”

“अहो, दर खेपेला! बाप-लेकाच्या शिराही एकसारख्या. एक नळी भरली की दडी मारायच्या. मग दुसऱ्या हाताला टोचावं लागायचं. पहिली हिरव्या टोपीची नळी, ती साहेबांच्या खुणेसाठी. दुसरी लाल टोपीची, ती रोजच्या तपासण्यांसाठी, त्यातच लिथियम. म्हणजे लेकाला दोनदा, की बापाला दोनदा. काका म्हणायचे, फिटंफाट.”

“शेवटच्या खेपेलाही दोनदा?”

“शेवटच्या खेपेला...” ताईंनी कापसाचा बोळा उचलला. “तेव्हा एकदाच. दोघांनाही.”

“मग शिरा त्या दिवशी रुसल्या नाहीत?”

“नाही. म्हणजे, भरल्या नळ्या. दोन्ही.”

तो बोळा आधीच नीट वळलेला होता. ताईंनी तो उलगडून पुन्हा वळला.

बाई तिथून निघून उणे ऐंशीकडे परत आल्या आणि त्यांनी नोंदवही मागितली. वहीला बारा रकाने होते. त्यातले अकरा सगळे वाचायचे. बारावा शेऱ्याचा, तो फक्त लिहायचा असतो. बाईंनी आयुष्यभर तळटीपासुद्धा वाचल्या होत्या. त्यांनी त्या तारखेचं पान काढलं आणि बाराव्या रकान्यावर बोट ठेवलं. सतरा, लाल नळी: ‘गोठलं नाही.’ खाली अठरा, लाल नळी: ‘गोठलं नाही.’ त्या पानावर बाकी कुणापुढे काही नव्हतं.

“हे काय?”

“लाल नळी आतून कोरी असते. त्यात रक्त अर्ध्या तासात गोठतं. मग ती यंत्रात फिरवायची, वरचं पिवळं पाणी काढायचं, थोडं तपासणीला मुख्य प्रयोगशाळेत पाठवायचं, बाकी कुपीत भरून ठेवायचं. त्या दिवशी या दोघांचं गोठलंच नाही. मला वाटलं, रक्ताचं नातं आहे, घराण्यातच असेल.”

“कुणाला सांगितलंत?”

“शेऱ्यात लिहिलं की,” उणे ऐंशी दुखावल्यासारखा म्हणाला.

बाईंनी वही मिटली. “आता मला एवढंच सांगा. रबरावरचा बर्फ पुसायला तुम्हाला कधी कुणी सांगितलं होतं का?”

“दर आठवड्याला पुसत जा म्हणून सांगितलं होतं. बर्फ राहिला की दार लागल्यासारखं वाटतं, लागत नाही. आत कुणाकुणाचं काय काय आहे, वाया जाईल, म्हणाले.” तो थांबला. “दोन वर्षांपूर्वी हा फ्रीजर बंद पडला होता. कंपनीचा माणूस येईना. तेव्हा एकानं पाऊण तासात चालू करून दिला. आयुष्यभर फ्रीजच दुरुस्त केलेत त्यांनी.”

“कोण ते?”

उणे ऐंशीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी वितळलं.

“अठरा नंबर,” तो म्हणाला. “काका. परवाच्या आदल्या दिवशी त्यांची खेप होती.”

४

“चोर मीच,” काकांनी दार उघडता उघडताच सांगितलं. “आत या. चहा ठेवतो.”

घर दोन खोल्यांचं होतं. भिंती निळ्या, छतही निळं. छताच्या एका कोपऱ्यात रंग संपला होता की माणूस थकला होता, तेवढा चौकोन पांढरा राहिला होता. कपाटाच्या दारात पाना, पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर उंचीप्रमाणे टांगलेले. टेबलावर गोळ्यांची डबी होती. सात वारांचे सात कप्पे, प्रत्येकाचे दोन भाग. सगळे रिकामे आणि सगळे पुसलेले.

“दार उघडं किती वेळ होतं?” बाईंनी विचारलं.

“अकरा सेकंद. मोजले. तरी रबर पुसायला वेगळे लागले.” काकांनी कपबशी समोर ठेवली. “राहवलं नाही. दुसऱ्याचा फ्रीज असला तरी.”

“कुपी घेतलीत कशासाठी?”

काका बराच वेळ चहा ढवळत राहिले. त्यात साखर घालायची राहिलीच होती.

“डॉक्टर म्हणाले, तुम्ही जास्त गोळ्या दिल्यात. मी म्हटलं, नाही दिल्या. ते म्हणाले, रक्त खोटं बोलत नाही. आता डॉक्टर एक वेळ चुकतील, पण रक्त? म्हणून म्हटलं, तेच रक्त दुसरीकडे दाखवून बघू. थर्मासमध्ये बर्फ घातला आणि बाहेरच्या प्रयोगशाळेत नेलं.”

त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. लिथियम: दोन पॉइंट सहा.

“दोन प्रयोगशाळा, दोन ठिकाणच्या. एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणजे रक्त खरंच बोलतंय.” काकांचा आवाज सपाट होता. “लेकाला मीच मारलं, बाई. तुम्ही चोरीचं लिहा, मी खाली सही करतो. पण त्याआधी एक काम करा. तुम्ही चुका शोधायचं काम केलंयत म्हणे. माझी मोजायला चूक कुठे झाली, तेवढी शोधून द्या.”

त्यांनी पत्र्याचा डबा पुढे सरकवला. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, शेवटच्या वर्षाची, रबरानं बांधलेली. प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलनं तारखा होत्या. सकाळी एक, रात्री दोन, दिवसाला तीन. दहा गोळ्यांचं पाकीट, तीन दिवसांत नऊ, दहावी पुढच्या दिवसात. औषधाच्या दुकानाच्या चिठ्ठ्या वेगळ्या लावलेल्या. गोळ्या थांबवल्या त्या दिवशी उरलेल्या चौदा गोळ्या एका बाटलीत, वर तारीख.

बाई दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तिथेच बसल्या. त्यांनी विकत आणलेल्या गोळ्या मोजल्या, दिलेल्या मोजल्या, उरलेल्या मोजल्या. उलट मोजल्या. तेहेतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून इतकं स्वच्छ मुद्रित गेलं नव्हतं. एक गोळी इकडची तिकडे नव्हती.

“मी चाळीस वेळा मोजलंय,” काका म्हणाले. “मलाही सापडत नाही. म्हणून तर झोप लागत नाही. चूक सापडली असती तर निदान तिच्यावर रागावता आलं असतं.”

“तो दुसरीकडून आणून घेत असेल का? तुमच्या नकळत?”

“हात कापायचा ना त्याचा जरा जरी जास्त झालं की. पाटी रंगवणारा माणूस तो. पहिल्या वर्षी डोस वाढवला होता, तेव्हा त्याला सरळ रेघ येईना. रडला होता. तेव्हापासून जास्तीची गोळी त्यानं विषासारखी टाळली.”

बाईंनी मान वर केली.

“सरळ रेघ येईना?”

“दोन बोटं लांबसुद्धा.”

बाईंनी चहाचा थंड घोट घेतला, पिशवी उचलली आणि दारात थांबून विचारलं, “काका, तुम्ही स्वतः कधी लिथियमची गोळी घेतलीय?”

“मी? मी डोकेदुखीची पण घेत नाही.”

“उद्या मला तुमचं रक्त लागणार आहे,” बाई म्हणाल्या. “नवीन नको. जुनंच आहे, फ्रीजरमध्ये.”

५

“अठरा नंबरमध्ये लिथियम तपासायचं?” उणे ऐंशीनं दुसऱ्यांदा विचारलं. “बाई, ते धडधाकट नातेवाईक आहेत. त्यांचं लिथियम आजवर कुणी तपासलंच नाही. शून्य येणार.”

“येऊ दे शून्य. त्या तारखेची लाल कुपी काढा. आणि ती यंत्रापर्यंत तुम्ही स्वतः न्या.”

तो गेला. बाईंनी साहेबांना फ्रीजरपाशी बोलावून घेतलं आणि पाटीसमोर उभं केलं.

“ही रेघ बघा.”

“छान आहे.”

“तारीख बघा. या दिवशी तुमचा आकडा दोन पॉइंट सात होता. हात लटलट कापतात, असं तुम्हीच सांगितलंत. या हातानं ही रेघ ओढली, साहेब. रक्त देऊन झाल्यावर, स्टुलावर बसून. तुमच्या खोलीपासून वीस पावलांवर.”

साहेबांनी रेघेवरून बोट फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ते कुठेच अडलं नाही. बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात उणे ऐंशी परत आला. त्याच्या हातात छापील चिठ्ठी होती आणि तो ती स्वतःपासून लांब धरून चालत होता.

“दोन पॉइंट दोन,” तो म्हणाला. “यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसऱ्यांदा लावलं. दोन पॉइंट दोन.”

“ज्या माणसानं जन्मात लिथियमची गोळी घेतली नाही, त्याच्या रक्तात लिथियम,” बाई म्हणाल्या. “म्हणजे ते तोंडावाटे गेलेलं नाही. रक्त अंगाबाहेर आल्यावर त्यात मिसळलंय. आता मला सांगा, हिरव्या नळीत रक्त का गोठत नाही?”

“आतून औषध लावलेलं असतं. हेपॅरिन. रक्त गोठू देत नाही ते.” उणे ऐंशी यांत्रिकपणे बोलत गेला. “वेगवेगळ्या क्षारांत येतं. आपल्याकडे येतं ते...” तो थांबला. त्यानं चिठ्ठीकडे पाहिलं, मग वहीच्या कपाटाकडे पाहिलं. “ते लिथियमचं असतं.”



“लाल नळीतलं रक्त गोठलं नाही, हे तुम्ही त्याच दिवशी लिहिलं होतंत,” बाई म्हणाल्या. “कारण ते आधी हिरव्या नळीत होतं. त्या दिवशी या दोघांना एकेकदाच टोचलं आणि या दोघांचंच गोठलं नाही. मुख्य प्रयोगशाळेत पोचलं ते नुसतं पिवळं पाणी. ते कुठल्या नळीतून फिरून आलंय, हे पाण्याकडे बघून कसं कळणार? तुम्ही आकडा पाहिला नाहीत. साहेबांनी शेरा पाहिला नाही.”

दारात ताई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक.

“मी ओतलं,” त्या म्हणाल्या. “हिरवी भरली आणि शीर रुसली. तो म्हणाला, ताई, आज एकदाच, हां. आज पाटी रंगवायचीय, हात दुखायला नको. तेवीस वर्षांत मी असं कधी केलं नाही. टोपी काढून अर्धं लालमध्ये ओतलं. म्हटलं, रक्त तर त्याचंच आहे ना. मग काकांनी बाही वर केली, म्हणाले, मलाही एकदाच. त्यांचंही तसंच केलं.” त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. “माझ्या टोचण्यानं कुणाला दुखू नये, एवढंच बघत आले मी.”

“ताई, बसा,” उणे ऐंशी म्हणाला आणि त्यानं पायानं स्टूल पुढे सरकवलं. हे तेच स्टूल आहे, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा ताई बसल्या होत्या.

साहेब सावरले होते. “हे बघा, बाई. आता यातून कुणी परत येणार नाही. अहवालात आपण ‘नमुना हाताळणीत तांत्रिक त्रुटी’ असं लिहू. तेवढं पुरे.”

“कुठे लिहू?” बाईंनी विचारलं. “शेऱ्याच्या रकान्यात?”

६

बाईंनी अहवाल लिहिला तो सव्वा पानाचा. त्यात कुणी ओतलं, कुणी कुणाला फोन केला नाही आणि कुणी माणूस न बघता औषध बंद केलं, हे ज्याचं त्याच्या पुढे लिहिलं. चोरीबद्दल शेवटी एक वाक्य होतं: ‘कुपी मृताच्या वडिलांनी नेली, ती नेली नसती तर ही चौकशी झाली नसती.’ समितीच्या सहाजणांनी तो दोनदा वाचला. सही न करण्याजोगी एकही चूक त्यांना सापडली नाही.

मग त्या काकांकडे गेल्या. सगळं एका दमात सांगितलं. काकांनी मधे एकदाही अडवलं नाही.

“म्हणजे माझं मोजणं बरोबर होतं,” ते शेवटी म्हणाले.

“एक गोळी इकडची तिकडे नव्हती.”

“अकरा वर्षं?”

“मी वर्षभराचं तपासलं. तेवढ्यात माणसाचा हात कळतो.”

काकांनी मान हलवली. गोळ्यांची डबी जवळ ओढली, रविवारपासून शनिवारपर्यंतची झाकणं एकेक करून उघडली आणि एकेक करून लावली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बाई उठल्या नाहीत. छतावरचा तो पांढरा चौकोन बघत बसून राहिल्या.

“आमचं ठरलेलं होतं, बाई,” बऱ्याच वेळानं काका म्हणाले. “त्याला जितक्यांदा टोचतील तितक्यांदा मला. त्या दिवशी तो एकदाच म्हणाला, तर मी काय म्हणायला हवं होतं? अरे, दोनदा घे, बापही घेतोय, असं. मी म्हटलं, मलाही एकदाच. मलाही कंटाळाच आला होता.”



तीन महिने गेले. साहेबांनी ती परिषद या वर्षी टाळली, असं कळलं. विभागाच्या दारात नवी सूचना लागली, की नोंदवहीतला बारावा रकाना रोज वाचला जावा. ती सूचना अजून कुणी वाचली नव्हती. ताईंनी बदलीचा अर्ज दिला होता. तो मंजूर व्हायचा होता म्हणून त्या अजून त्याच खुर्चीपाशी होत्या. पण नवख्या माणसासारखं प्रत्येक नळीचं नाव मोठ्यानं वाचत आणि सुई टोचण्याआधी क्षणभर डोळे मिटत.

अठरा नंबरची खेप त्या दिवशी होती. सतरा नंबर उरला नव्हता, तेव्हा अठराचंही काही काम उरलं नव्हतं. साहेबांनी तसं कळवलंही होतं. तरी ठरल्या वेळेला काका आले आणि खुर्चीत बसले. बाई त्या दिवशी वही बघायला आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. नळ्या न्यायला कधी नव्हे तो उणे ऐंशी स्वतः आला होता.

ताईंनी काकांकडे पाहिलं नाही. पट्टा त्यांनी दोनदा बांधून सोडला.

“काका, दुसऱ्या कुणाला बोलवू का? माझा हात आज...”

“तूच घे.”

“काका, मी तुमच्या...”

“ठाऊक आहे, ताई. बाईंनी सगळं सांगितलंय.” काकांनी बाही वर केली. “चुकलंय कुठे ते शोधत मी कित्येक रात्री जागा होतो. तू आता सुरुवात करू नकोस.”

सुई गेली. हिरवी नळी हळूहळू भरली आणि मग, नेहमीप्रमाणे, शिरेनं दडी मारली. ताईंनी सुई काढली, कापूस दाबला. लाल नळी त्यांच्या मुठीत रिकामीच राहिली. 

काकांनी दुसऱ्या हाताची बाही वर केली आणि तो हात खुर्चीच्या पट्टीवर ठेवला.

“दोनदा टोच,” ते म्हणाले. “मला घाई नाही.”